निरोप्याची पाहुणी

नाटकमंडळीत त्याला सगळे निरोप्या म्हणत. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याच्या भूमिकाच तशा होत्या. पहिल्या अंकाच्या मध्यावर दार उघडायचं, "साहेब, तुमचा फोन आहे" किंवा "बाईसाहेब, गाडी आली" असं काहीतरी सांगायचं आणि आल्या पावली परत जायचं. कधी तो पोस्टमन असे, कधी शिपाई, कधी वरच्या मजल्यावरचा शेजारी. एका नाटकात तर तो नुसताच आवाज होता, आणि तोही दाराबाहेरून. त्याच्याबरोबर सुरुवात केलेल्यांपैकी काही मोठे झाले, काही जाडे झाले, काही दोन्ही झाले. हा आपला दार उघडून आत येतच राहिला.

स्वतःबद्दलची शंका काय, सगळ्यांनाच येते. पण बाकीच्यांकडे ती येते आणि जाते. निरोप्याकडे ती राहायलाच आली होती. सकाळी तो दात घासायला उभा राहिला की आरशात ती त्याच्या खांद्यावरून डोकावे. तालमीला निघाला की चपला घालून तयार. रंगमंचावर पाऊल टाकायच्या आधी विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला जिथे आपली पाळी येईपर्यंत नट उभे राहतात तिथे, ती त्याच्या कानाशी येई आणि अगदी आपुलकीने विचारी, "काय रे, तू नसलास तर काय अडणार आहे?"

असं विचारायला तिच्याकडे आधारही होता. कारण एकदा तो तापाने फणफणून घरी पडला होता, तेव्हा दिवे सांभाळणाऱ्या माणसाने त्याचा कोट चढवून "साहेब, तुमचा फोन आहे" म्हटलं होतं. कोणाच्या काही लक्षातही आलं नाही. उलट त्या दिवशी टाळ्या जरा जास्तच पडल्या, असं त्याच्या कानावर आलं.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. समोरच्याच्या डोळ्यांवर भिंगं बदलत दिवसभर एकच प्रश्न विचारायचा: "हे बरं दिसतंय, की मघाचं बरं होतं?" साहजिकच घरी आल्यावर नवऱ्याने "आज बरं झालं, की कालचं बरं होतं?" असं विचारलं की तिचं डोकं उठे. शंकेला तिने 'तुझी पाहुणी' असं नाव ठेवलं होतं. नवऱ्याचा चेहरा पडलेला दिसला की ती विचारी, "पाहुणी आहे वाटतं?" तो मान हलवी, आणि मग त्या संध्याकाळी घरात नाटकाचा विषय निघत नसे.

सासूबाई त्यांच्याकडेच राहत. जन्मभर शाळेत गणित शिकवल्यामुळे चुकलेल्या गोष्टीला बरोबर म्हणणं त्यांच्या जिवावर येई. जावयाचं प्रत्येक नाटक त्या पहिल्या रांगेत बसून, मांडीवर पर्स घट्ट धरून बघत. घरी आल्यावर तो भीतभीत विचारी, "आई, कसं झालं?"

"पडदा छान होता," सासूबाई म्हणत.

कधी खुर्च्या मऊ असत. कधी दिवे सुरेख असत. एकदा त्यांनी दाराचं फार कौतुक केलं आणि तो क्षणभर हुरळून गेला, कारण त्या दारातून तोच आला होता. पण त्यांना बिजागऱ्यांविषयी बोलायचं होतं.

अशा या माणसाला एक दिवस बापाची भूमिका मिळाली. ती मिळण्यात त्याचं कर्तृत्व काही नव्हतं. ज्याची ती होती तो नट स्वतःच्या घराच्या जिन्यावरून घसरला, गुडघा प्लास्टरमध्ये गेला, प्रयोग तोंडावर आला. दिग्दर्शकाने हताश होऊन तालमीच्या खोलीत नजर फिरवली, तर हा कोपऱ्यात खुर्च्या लावत होता. दिग्दर्शक वयाने लहान, गळ्यात बारा महिने मफलर, आणि 'अवकाश' हा शब्द वापरल्याशिवाय त्याला पाणीही मागता येत नसे.

"तुमचं वय बापाचंच आहे, नाही का?" दिग्दर्शक म्हणाला.

बाप होता घड्याळं दुरुस्त करणारा, तुसडा, कामापुरतं बोलणारा. त्याला वाक्यं थोडीच होती आणि त्यांत सगळ्यात मोलाचं शेवटच्या अंकात होतं. मुलगा कायमचं घर सोडून निघालेला असतो. हातात बॅग घेऊन तो दाराशी उभा राहतो आणि विचारतो, "बाबा, मी गेलो तर या घरात काय कमी होणार आहे?" आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत असते. बापाने म्हणायचं, "जेवून जा." एवढंच. मग मुलगा बॅग खाली ठेवतो आणि पडदा पडतो.

"इथे थांबायचं नाही," दिग्दर्शकाने बजावलं होतं. "प्रश्न आला की लगेच वाक्य. अवकाश पडता कामा नये."

दोन शब्द. निरोप्याने ते रात्रंदिवस घोकले. आंघोळीत घोकले, बसमध्ये घोकले, आणि एकदा घोकता घोकता वीजबिलाच्या खिडकीवरच्या बाईला म्हणून टाकले. बाईने एकदा त्याच्याकडे आणि एकदा घड्याळाकडे बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

पहिल्या प्रयोगाला तो प्रसंग आला. मुलगा दाराशी गेला, वळला आणि म्हणाला, "बाबा, मी गेलो तर या घरात काय कमी होणार आहे?"

निरोप्याला वाटलं, पाहुणीच बोलली. तिचाच तो प्रश्न. फक्त आज तिचा आवाज मुलाच्या तोंडून आला होता. आणि तेवढ्यात खरी पाहुणी कानाशी आलीच. "पुढचं वाक्य तुझं नाही हं," ती म्हणाली. "थोरल्या बाईंचं आहे. एवढं मोलाचं वाक्य तुला कोण कशाला देईल?"

त्याला ते पटलं. थोरल्या बाई म्हणजे आईचं काम करणाऱ्या ज्येष्ठ नटी, त्यांच्या नावावर तिकिटं खपत. वाक्य त्यांचंच असणार. तो त्यांची वाट बघत राहिला. त्या त्याची वाट बघत राहिल्या. हातातल्या चादरीची घडी झाली, ती उलगडून त्यांनी परत घातली, परत उलगडली. नाट्यगृहात कोणी हललं नाही. घाबरलेला निरोप्या दाराशी उभ्या असलेल्या त्या पोराकडे नुसता बघत राहिला, कारण बघायला दुसरं काही सुचतच नव्हतं. शेवटी, वाक्य कोणाचं का असेना, कोणीतरी म्हणायलाच हवं, अशा विचाराने तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जेवून जा."

पडदा पडला. टाळ्या पडल्या नाहीत. निरोप्याने मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला. मग कुठूनतरी नाक शिंकरल्याचा आवाज आला, मग दुसरीकडून, आणि मग टाळ्यांनी असा काही कडकडाट केला की मफलर सोडून तरातरा शिव्या द्यायला निघालेला दिग्दर्शक विंगेतच थांबला, त्याने मफलर परत गुंडाळला आणि जवळच्या माणसाला म्हणाला, "हा अवकाश मी मुद्दाम ठेवला होता."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं की त्या शांततेत एका बापाचं सगळं आयुष्य मावलं होतं. लोक नाटकाला येऊ लागले ते त्या शांततेसाठी. शेजारी जिन्यात थांबवून हात हातात घेऊ लागले. पहिले काही दिवस पाहुणी हटून बसली होती. "चुकून झालं," ती म्हणायची. "तुलाही माहीत आहे." पण कौतुकाचा ओघ काही थांबेना, आणि जिथे आपलं कोणी ऐकत नाही तिथे ती तरी कशाला राहील? एका सकाळी दात घासताना निरोप्याच्या लक्षात आलं की आरशात आपण एकटेच आहोत.

इथून पुढे त्याला जी शिंगं फुटली, त्यांची हकिगत सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. तो हळू बोलू लागला. जेवणाच्या टेबलापाशी बायकोने विचारलं, "दूध आणलंस का?" त्यावर त्याने आधी खिडकीबाहेर बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग एक लांब श्वास सोडला आणि म्हणाला, "नाही."

"एवढं सांगायला दोन बस गेल्या समोरून," बायको म्हणाली आणि स्वतःच दूध आणायला गेली.

नाट्यगृहात तो नव्या नटांना गोळा करून शिकवू लागला. "शांतता आतून यावी लागते," असं तो म्हणे आणि मग ती येईपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवी. त्या प्रसंगाची तर त्याने पद्धतशीर बांधणी केली. मुलाचा प्रश्न आला की आधी छताच्या पंख्याकडे बघायचं. मग हातांकडे. मग बुटांकडे. मग शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा उसासा. मग वाक्य. दर प्रयोगाला तो त्यात थोडी भर घाली. थोरल्या बाईंचे घड्या घालायचे कपडे संपू लागले. त्यांनी चिडून व्यवस्थापकाला सांगितलं की एकतर याला आवरा, नाहीतर मला आणखी एक पेटीभर कपडे द्या.

लोक खोकू लागले. आधी एखाददुसरा, मग रांगाच्या रांगा. निरोप्याला ती गहिवराची लक्षणं वाटली. आणि एका प्रयोगाला, तो हातांवरून बुटांकडे येत असताना, बाल्कनीतून एक भला गृहस्थ मदतीच्या स्वरात म्हणाला, "अहो, जेवून जा म्हणा."

सगळं नाट्यगृह हसलं. मुलाचं काम करणारा पोरगा हसू दाबायला बॅगेत तोंड घालून उभा राहिला. निरोप्याने "जेवून जा" म्हटलं खरं, पण तोवर ते वाक्य बाल्कनीतल्या गृहस्थाचं झालं होतं.

प्रयोगानंतर रंगपटात कोट उतरवत असताना दिग्दर्शकाने त्याला गाठलं. आज त्याच्या बोलण्यात अवकाश कुठेच नव्हता.

"रविवारी दुपारच्या प्रयोगाला निर्माते येताहेत. लांबचा दौरा ठरतोय. तो प्रसंग पहिल्यासारखा झाला तर दौऱ्यावर तुम्ही. नाहीतर दाढीवाला."

दाढीवाला म्हणजे मालिकांतून तोंडओळख झालेला एक नट. त्याला दाढी सोडून काही येत नव्हतं, पण दाढी उत्तम येत होती.

निरोप्याची झोप उडाली. बापाचं काम गेलं तर पुढे काय, हे त्याला दिसत होतं: दार, साहेब, फोन. या वयात पुन्हा ते दार उघडणं त्याला झेपणार नव्हतं. 'पहिल्यासारखा' म्हणजे कसा, हे जगात त्याला एकट्यालाच माहीत होतं. पहिल्यासारखा म्हणजे घाबरून. ती शांतता त्याची नव्हतीच, ती पाहुणीची होती. आणि पाहुणीला त्याने घालवून दिलं होतं. तिला परत आणायला हवं होतं, तेही रविवारच्या आत.

तो कामाला लागला. आधी आरशासमोर उभा राहून स्वतःच विचारलं, "तू नसलास तर काय अडणार आहे?" पण कौतुकाची सवय झालेलं मन लगेच म्हणालं, "पुष्कळ अडेल." मग तो रंगभूषाकाराकडे गेला.

"माझ्यात काय खोट आहे ते स्पष्ट सांगा. राग मानणार नाही."

"खोट?" रंगभूषाकाराने ब्रश थांबवला. "तुम्ही स्वभावाने फार साधे. हीच काय ती खोट."

मग तो थेट दाढीवाल्याकडे गेला. इथे तरी चार कडवट शब्द मिळतील असा त्याचा हिशोब होता. दाढीवाला रंगपटात दौऱ्यासाठी शिवलेला बापाचा नवा कोट अंगाला लावून बघत होता. "तुमच्या जागी उभं राहायची माझी लायकी नाही, सर," तो भारावून म्हणाला. "बाही मात्र दोन बोटं वाढवावी लागेल."

निरोप्याचा आता एकच भरवसा उरला होता. सासूबाईंनी हे नाटक अजून पाहिलंच नव्हतं. पहिल्या प्रयोगाच्या सुमारास त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. तो त्यांच्यासमोर स्टुलावर जाऊन बसला.

"आई, मी कसा नट आहे?"

सासूबाईंनी नव्या नजरेने त्याच्याकडे नीट पाहिलं. "माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या बायका म्हणतात, तुमचे जावई फार छान काम करतात."

"त्या म्हणतात. पण तुम्हाला काय वाटतं? आधीच्या नाटकांवरून?"

"आधीच्या नाटकांवरून कशाला? न तपासलेल्या पेपराला मी मार्क देत नाही," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी बघीन. मग बोलू."

बारीकशी का होईना, भीती चाटून गेली. निरोप्या आनंदाने उठला. पण खोलीच्या दारापर्यंत जाईतो ती भीती विरलीही. नुसत्या धमकीवर पाहुणी यायला तयार नव्हती.

त्याची ही वणवण बायको बघत होती. "आजवर ती जावी म्हणून डोकं खाल्लंस," ती म्हणाली. "आता यावी म्हणून खातोस. माझ्या डोक्याला सुट्टी कधी?"

रविवारी तो वेळेच्या बराच आधी नाट्यगृहावर पोचला. विंगेत प्रॉम्प्टरताई आपल्या स्टुलावर येऊन बसल्या होत्या. नट वाक्य विसरला की अंधारातून ते पुरवायचं, हे त्यांचं काम. केस पिकेपर्यंत त्यांनी तेच केलं होतं. गुडघ्यावर नाटकाचं बाड, हातात छोटा टॉर्च, गालात पेपरमिंटची गोळी. निरोप्या त्यांच्या पायांशी, रंगमंचाच्या फळ्यांवर बसला.

"ताई, मला काहीतरी वाईट बोला."

"मला माझं असं काही बोलता येत नाही रे," ताई म्हणाल्या. "मी आपली लोकांची वाक्यं बोलणार."

मग न राहवून, जे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं ते तो बोलून गेला. "पहिल्या प्रयोगाला ती शांतता वगैरे काही नव्हती. मी वाक्य विसरलो होतो."

"माहीत आहे."

निरोप्याने वर बघितलं. "माहीत होतं? मग सांगितलं का नाहीत?"

ताईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "विसरलेल्या माणसाची मान माझ्याकडे वळते. मान आवरली तरी बुबुळं वळतात. भले भले वळलेत. तू वळलाच नाहीस. तू त्या पोराकडे बघत होतास. मला वाटलं, यांचं दोघांचं काहीतरी चाललंय. मध्ये कशाला बोला?"

"चाललं कसलं होतं? मी घाबरलो होतो, ताई."

"होतास ना. मग बापाने काय करायचं? पोटचा पोर घर सोडून चाललाय. शिट्टी वाजवायची?"

निरोप्या गप्प झाला. या गप्प बसण्यात पंखा नव्हता आणि बूटही नव्हते.

"आणि आता?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"आता तू माझ्याकडे बघतोस."

"मी? छे. मी आधी पंख्याकडे, मग हातां..."

"पंखा, हात, बूट आणि मग मी," ताई म्हणाल्या. "वाक्य हवंय म्हणून नाही. मी दाद देतेय का ते बघायला. त्या पोराकडे तू बघितल्याला किती प्रयोग झाले, आठवतंय का? तो बिचारा दर वेळी विचारतो आणि तू छताला उत्तर देतोस."

निरोप्याला मनापासून लाज वाटली. इतक्या जणांकडे जोडे मागत हिंडलो आणि ते इथे, इतक्या मायेने मिळाले. त्याला उठून काहीतरी म्हणायचं होतं, पण तेवढ्यात पहिली घंटा झाली आणि कोट चढवायला तो रंगपटाकडे पळाला.

प्रयोग सुरू झाला. दोन अंक नीट गेले. शेवटच्या अंकात घड्याळांच्या टेबलाशी जाऊन बसताना त्याची नजर सवयीने विंगेकडे गेली आणि त्याचं धाबं दणाणलं. स्टूल रिकामं होतं. त्यावर नुसता टॉर्च ठेवलेला होता. ताई नव्हत्या, बाड नव्हतं, पेपरमिंटचा वासदेखील नव्हता. त्याच्या मागे उभं राहायला आज कोणीच नव्हतं. वाक्य अडलं तर ते थेट पायांखालच्या फळ्यांतूनच काढावं लागणार होतं.

आणि मग त्याला दिसलं की स्टूल तसं रिकामं नाही. टॉर्च बाजूला सारून, पाय हलवत, पाहुणी तिथे बसली होती.

"आलीस?" तो मनात म्हणाला. इतका आनंद आणि इतकी भीती त्याला एका वेळी कधी झाली नव्हती.

"आले," ती म्हणाली. "ते वाक्य तुझं नाहीच मुळी. दाढीवाल्याचं आहे."

एवढ्यात मुलगा दाराशी गेला. निरोप्याने त्याच्याकडे बघितलं. पोराने दाढी घाईत केली असावी, कानाखाली रंग लावूनही कापलेलं दिसत होतं. बॅगेची मूठ त्याने इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. निरोप्याच्या ध्यानात आलं की हाही घाबरला आहे. आज पुन्हा आपण प्रश्न विचारणार आणि समोरचा पंख्याकडे बघणार, याची भीती त्याला आहे.

"बाबा," मुलगा म्हणाला, "मी गेलो तर या घरात काय कमी होणार आहे?"

हा प्रश्न ज्याने जन्मभर ऐकला, त्याला त्याचं उत्तर माहीत असायला हवं होतं. ते नव्हतं. काय कमी होणार आहे, हे कोण कोणाला सांगू शकतं? चार गोष्टी मोजून दाखवल्या तरी विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं नाही, हे निरोप्याइतकं कोणाला ठाऊक असणार? या पोराला उत्तर नकोच आहे. कोणीतरी आपल्याला दारातून परत बोलवावं, एवढंच त्याला हवं आहे. आपल्यालाही इतकी वर्षं तेवढंच तर हवं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते पोराच्या लक्षात येऊ नये म्हणून तो टेबलावरची घड्याळं उगाच इकडची तिकडे करू लागला. हे काही त्याने बांधलेलं नव्हतं.

"जेवून जा," तो म्हणाला.

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. थोरल्या बाईंनी मागाहून सांगितलं त्याप्रमाणे एक चादर आणि अर्धी उशीची खोळ, एवढा वेळ गेला होता, आणि तो रास्त होता. पोराने बॅग ठेवली ती अशी, की ती खरोखरच जड होती असं सगळ्यांना वाटलं.

टाळ्यांचं काय सांगायचं? दिग्दर्शक निर्मात्यांना अवकाश समजावून देत होता आणि निर्माते रुमालाने डोळे टिपत असल्यामुळे त्यांना पळून जाता येत नव्हतं. दाढीवाल्याने निरोप्याला कडकडून मिठी मारली आणि पिशवीतून दौऱ्याचा तो नवा कोट काढून परत खुंटीला अडकवला. बाही वाढवून झालेली होती. दौऱ्यात निरोप्याला ती दुमडून घालावी लागणार होती. प्रॉम्प्टरताई मात्र कुठे दिसल्या नाहीत.

घरी जेवणाची तयारी चालली होती. बायको टेबलावर ताटं मांडत होती. सासूबाई पर्स घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी होती.

"आई, कसं झालं?" निरोप्याने विचारलं.

"माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली होती," सासूबाई म्हणाल्या. "पांढरे केस, मांडीवर हे एवढं बाड. सगळं नाटक तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. सगळ्यांची वाक्यं, सुरुवातीपासून. वर मला पेपरमिंट देते. मी दोनदा डोळे वटारले. पण ती आपली चालूच."

निरोप्याला हसू आलं. ताई जन्मात पहिल्यांदा समोरून नाटक बघायला बसल्या होत्या आणि तोंडाची सवय काही गेली नव्हती.

"फक्त शेवटी," सासूबाई आठवून म्हणाल्या, "तुम्ही त्या मुलाकडे बघत होतात, तेव्हा गप्प बसली. आणि ते वाक्य काही ती बोलली नाही. ते तुम्हीच म्हणालात."

निरोप्या खुर्ची ओढून बसला. बायकोने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"आणि आई," त्याने धीर करून विचारलं, "पडदा?"

"पडदा?" सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "पडदा पडला का? मी काही बघितला नाही बाई. नाटक संपलं म्हणजे पडला असेल."

बायको हातात वाटी घेऊन उभीच राहिली. तिने आईकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. निरोप्याने ताटाकडे मान घातली, कारण वर बघितलं असतं तर सगळंच कठीण झालं असतं.

तेवढ्यात कानाशी ओळखीचा आवाज आला. "ऑपरेशन झालेले डोळे त्यांचे," पाहुणी हळूच म्हणाली. "दिसला नसेल पडदा. एवढं काय त्यात?"

"असेल," निरोप्या म्हणाला आणि शेजारची खुर्ची जराशी बाहेर ओढली. "जेवून जा."